चाचणीबाहेरचा प्राणी

आगरदांडा नकाशावर शोधायचं तर आधी जंजिरा शोधावा. किल्ल्यामागून जी खाडी आत शिरते ती राजपुरीची. तिच्या एका काठावर आगरदांडा, समोर दिघी. गाड्या, दुचाक्या, माणसं पोटात घेऊन फेरीबोट इकडून तिकडे जाते आणि मुंबई-पुण्याचे पर्यटक दिवेआगर-श्रीवर्धनच्या वाटेला लागतात. जेट्टीवरचा चहा आणि बोटीची वाट बघत काढलेला वेळ, एवढाच बहुतेकांचा आगरदांड्याशी संबंध. त्या वेळात मान वर केली तर आभाळात घारी असतात. गिधाड दिसलं तर नशीब.

नशीब म्हणायचं, पण अगदीच अशक्य नाही. आगरदांडा गिधाडांच्या दोन ठिकाणांच्या मधोमध पडतं. मुरूडच्या बाजूला फणसाड अभयारण्य. जंजिऱ्याच्या नबाबाचं हे जुनं शिकारीचं रान, १९८६ साली अभयारण्य झालं. तिथे वनखात्याने गिधाडांसाठी ‘रेस्टॉरंट’ चालवून पाहिलं, म्हणजे मेलेली गुरं आणून टाकायची राखीव जागा. खाडी ओलांडून म्हसळा तालुक्यात गेलं की चिरगाव. तिथे महाडच्या प्रेमसागर मेस्त्री यांच्या ‘सीस्केप’ संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी वर्षानुवर्षं राखली. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ वादळाने याच पट्ट्यातली मोठमोठी झाडं लोळवली. गिधाडाला घरट्यासाठी असंच मोठं, जुनं झाड लागतं. तरीही पक्षी टिकून आहेत.

प्राण्यांवरच्या चाचण्यांबद्दल लिहायचं ठरवून मी गिधाडांपासून सुरुवात केली, याचं वाचकाला नवल वाटेल. या विषयाचा ठरलेला प्राणी ससा. शाम्पूच्या बाटलीवर उडी मारणारा ससा छापलेला असतो, जाहिरातीत ससा, मोर्च्यातल्या फलकावर ससा. गिधाडाला कुणी प्रयोगशाळेत नेलं नव्हतं. नेमकी तीच अडचण झाली.

०००

सशाचं आधी उरकून घेऊ, कारण तो भाग आता तुलनेने सोपा झाला आहे.

अमेरिकेत १९३३ च्या सुमारास ‘लॅश ल्यूर’ नावाचा पापण्या रंगवायचा रंग विकला जात होता. त्याने बायकांचे डोळे गेले. सरकारला तो माल बाजारातून उचलायचा अधिकारच नव्हता. १९३७ मध्ये ‘एलिक्झिर सल्फानिलामाइड’ नावाचं पातळ औषध आलं. मूळ औषध चांगलं होतं, पण ते विरघळवायला डायएथिलीन ग्लायकॉल वापरलं होतं. कंपनीने चव पाहिली, रंग पाहिला, वास पाहिला. ते विषारी आहे का, एवढंच पाहायचं राहिलं. शंभराहून अधिक माणसं मेली, त्यांत कितीतरी लहान मुलं होती. पुढच्या वर्षी अमेरिकेत नवा कायदा झाला आणि माणसाच्या अगोदर प्राण्याला द्या ही रीत पक्की होत गेली. १९४४ मध्ये जॉन ड्रेझ या सरकारी विषशास्त्रज्ञाने सशाच्या डोळ्याची चाचणी लिहून काढली. सशाला मान तेवढी बाहेर राहील अशा खोक्यात अडकवायचं, एका डोळ्यात पदार्थ टाकायचा, दुसरा डोळा तुलनेला तसाच ठेवायचा. मग दिवसामागून दिवस बघत राहायचं: लाली किती, सूज किती, बुबुळ किती गढुळलं. प्रत्येकाला गुण. पुढच्या काही दशकांत साबण, शाम्पू, काजळ, लिपस्टिक, फरशी पुसायचं द्रव्य, सगळं त्या डोळ्यातून गेलं.

युरोपीय महासंघाने मार्च २०१३ मध्ये असा माल विकायलाच पूर्ण बंदी केली. भारतात २०१४ मध्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत १४८-सी हा नियम आला आणि प्रसाधनांच्या चाचण्या प्राण्यांवर करणं बंद झालं. त्याच वर्षी तशा चाचण्या केलेल्या प्रसाधनांची आयातही बंद झाली. आता कत्तलखान्यातून आणलेल्या गुरांच्या डोळ्यांच्या पारदर्शक पडद्यावर तपासता येतं, प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचेच्या थरावरही तपासता येतं. लिपस्टिकच्या नव्या छटेसाठी सशाचा डोळा जाळायला आज कुठलंच कारण उरलेलं नाही, आणि या बाबतीत मला दुसरी बाजूही दिसत नाही.

पण प्रसाधनाचं कपाट बंद करून माणूस शेतात, गोठ्यात, कारखान्यात गेला की सगळं पुन्हा सुरू होतं. कोकणात आंब्याला मोहोर आला की फवारणीची बाटली प्रत्येक बागायतदाराच्या हातात असते. तिच्यावर एक चौकोन असतो, अर्धा रंगीत: लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. हा रंग येतो उंदरांच्या मरणातून. वजनाच्या दर किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंतच्या डोसात निम्मे उंदीर दगावले तर लाल. ५०० पर्यंत लागले तर पिवळा, ५००० पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. ‘निम्मे मरतील तो डोस’ हा हिशेब जे. डब्ल्यू. ट्रेव्हन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२७ मध्ये मांडला. आधी त्यासाठी एकेका पदार्थामागे ढिगाने उंदीर लागत. २००२ मध्ये ती जुनी पद्धत आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकांतून काढून टाकली आणि कमी प्राण्यांत भागवणाऱ्या पद्धती आल्या. रंग मात्र तेच राहिले.

आणि ते वाचतं कोण? २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने मेले, शेकडो दवाखान्यात गेले. बाटल्यांवर चौकोन होते. उंदरांनी आपलं काम चोख केलं होतं. हातमोजे, मुखपट्टी, फवारणीची वेळ, दुकानदाराने दोन औषधं एकत्र करून दिली का, डोक्यावर वाढलेली कपाशी, यांतलं काही उंदराच्या हातात नव्हतं.

आपला १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा प्रयोगांना मनाई करत नाही. समिती नेमतो, अटी घालतो. त्यातली एक अट मला फार बोलकी वाटते: ससा, बेडूक, उंदीर, गिनीपिग अशा लहान प्राण्यांवर भागत असेल तर मोठ्या प्राण्यांवर प्रयोग टाळावा. दयेलाही कायद्याने उतरंड लावून दिली आहे. लहान, गरीब, पटकन वाढणारा आणि पिंजऱ्यात मावणारा तो प्रयोगाचा. संशोधक सोय बघूनच प्राणी निवडतो, त्यात त्याचं फारसं चुकत नाही. फक्त सोयीचा प्राणी सोयीच्या प्रश्नांचीच उत्तरं देतो, हे लक्षात राहत नाही.

०००

आता ती बाटली, जिच्यासाठी हा लेख आहे.

डायक्लोफेनॅक हे माणसाचं औषध. गुडघा धरला, कंबर लचकली, दाढ ठणकली की डॉक्टर लिहून देतात. ते बाजारात आलं १९७० च्या दशकात, त्या काळच्या साऱ्या चाचण्या पार करून. माणसासाठी ते मान्य झालं आणि अजूनही आहे. १९९० च्या दशकात भारतात ते गुरांना टोचलं जाऊ लागलं. गाय लंगडते, कास सुजते, ताप उतरत नाही, बैलाचा खांदा आला, सगळ्यावर एकच सुई. स्वस्त, आणि लागू पडायचं लगेच. दुसऱ्या दिवशी बैल उठून उभा राहिला की शेतकरी त्या औषधाचं नाव विसरत नाही.

याच काळात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे विभू प्रकाश यांना गिधाडं कमी होताना दिसली. झाडांवर मान खाली लोंबत ठेवून बसलेले पक्षी, मग झाडाखाली मेलेले पक्षी. आधी विषाणूचा संशय होता. पांढऱ्या पाठीचं गिधाड, जे १९८० च्या दशकात जगातल्या सर्वांत जास्त संख्येच्या मोठ्या शिकारी पक्ष्यांत मोजलं जायचं, ते १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतात हजारात एक उरलं. लांब चोचीच्या गिधाडांचीही दशा फार वेगळी झाली नाही.

कारण सापडलं पाकिस्तानच्या पंजाबात. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या गिधाडांची चिरफाड केली तेव्हा आतल्या अवयवांवर चुना फासल्यासारखा पांढरा थर होता. मूत्रपिंडं बंद पडून रक्तातलं युरिक ॲसिड स्फटिक होऊन यकृतावर, हृदयावर बसलं होतं. अशा पक्ष्यांच्या मूत्रपिंडांत डायक्लोफेनॅक सापडलं, आणि दुसऱ्या कारणांनी मेलेल्यांत सापडलं नाही. हा शोध २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला.

आकडे एकाशेजारी एक ठेवून बघण्यासारखे आहेत. तीनशे किलोच्या गाईला किलोमागे अडीच मिलिग्रॅम या हिशेबाने ७५० मिलिग्रॅम डायक्लोफेनॅक लागतं. माणसांसाठी म्हणून विकली जाणारी ३० मिलीची बाटली बरोबर तेवढंच औषध भरून यायची. पाच किलोच्या गिधाडाला मारायला एक मिलिग्रॅमच्या आसपास पुरतं. ट्रेव्हनचा तोच ‘निम्मे मरतील’ हिशेब गिधाडांवर लावला तर किलोमागे एक ते दोन दशांश मिलिग्रॅम निघतो. कीटकनाशकाच्या चौकोनात या औषधाला गिधाडापुरता रंग द्यायचा म्हटलं तर लालही फिका पडेल. संशोधकांचं गणित सांगतं की शेकडा एकाहूनही कमी मढ्यांत हे औषध असलं तरी गिधाडांचा असा सत्यानाश व्हायला तेवढं पुरे होतं. गिधाड एकटं जेवत नाही. एका ढोरावर पन्नास-साठ पक्षी उतरतात आणि अर्ध्या तासात हाडं उघडी पाडतात.

म्हणजे या औषधाची गिधाडांवर चाचणी झालीच होती. पिंजरा उपखंडाएवढा होता, मुदत दहा-पंधरा वर्षांची होती, नोंदवही कुणी ठेवली नव्हती, नीतिसमितीची परवानगी कुणी मागितली नव्हती. लाखो पक्षी मेले आणि निकाल वाचायला कुणी नव्हतं. प्रयोगशाळेतल्या उंदराचं मरण निदान एका तक्त्यात लिहिलं जातं.

पुढे माणसांचाही हिशेब निघाला. २०२४ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त आलेल्या इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांच्या अभ्यासाचा अंदाज असा, की गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची मेली. सडणारी मढी, गढूळ पाणी, वाढलेली भटकी कुत्री आणि त्यांच्यासोबत रेबीज. गाय बरी झाली होती, चाचणीच्या भाषेत औषध सुरक्षित होतं.

०००

यानंतरची गोष्ट प्राणीचाचणीच्या विरोधकांनाही अडचणीची आहे आणि समर्थकांनाही, म्हणून मला ती सर्वांत मोलाची वाटते.

डायक्लोफेनॅक बंद करा म्हणणं सोपं. शेतकऱ्याच्या लंगड्या बैलाला मग काय द्यायचं? त्याला पर्याय हवा, आणि तो पर्याय गिधाडाला चालतो हे कळायचा खात्रीचा मार्ग एकच होता: गिधाडाला तो देऊन बघणं. जी जात संपत आली तिच्यातले उरलेसुरले पक्षी धरायचे आणि त्यांना औषध पाजायचं.

संशोधकांनी मेलॉक्सिकॅम हे औषध निवडलं. पहिली फेरी दक्षिण आफ्रिकेत झाली, तिथल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांवर. ती आपल्या गिधाडांची सख्खी भावंडं, आणि त्या वेळी त्यांची संख्या बरी होती. सुरुवातीला जखमी होऊन आलेले, पुन्हा रानात सोडता न येणारे पक्षी घेतले. डोस हळूहळू वाढवत नेला. तिथे पक्षी जगले तेव्हा कुठे भारतातल्या पक्ष्यांना तो दिला. सगळे जगले. २००६ च्या सुरुवातीला निकाल प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली.

इथे थोडं थांबावंसं वाटतं. आपल्याच बचावासाठी परक्या देशातला भाऊबंद आधी पुढे केला, यात न्याय आहे का? जात धोक्यात नाही म्हणून आफ्रिकेच्या पक्ष्याचा जीव कमी मोलाचा ठरवला गेला, आणि आज तोच पक्षी अतिसंकटग्रस्त यादीत आहे. त्याची कारणं वेगळी आहेत, पण ‘त्यांची भरपूर आहेत’ हा युक्तिवाद किती दिवस टिकतो ते यातून दिसतं. तरीही मी या चाचणीच्या बाजूने उभा राहीन. ससा ज्या शाम्पूसाठी आंधळा झाला तो शाम्पू सशाने कधी लावला नाही. इथे पणाला लागला तो पक्षी आणि वाचली तीही गिधाडंच.

जवळचा नातेवाईक निवडणंसुद्धा किती नाजूक असतं त्याचा एक दाखला. अमेरिकेत टर्की व्हल्चर नावाचा मढी खाणारा पक्षी आहे. दिसायला, वागायला गिधाडच. त्याला आपल्या गिधाडाच्या प्राणघातक डोसाच्या शंभर पटींहून जास्त डायक्लोफेनॅक दिलं तरी तो ठणठणीत राहिला. चाचणीचा प्राणी म्हणून कुणी त्याला निवडलं असतं तर ‘गिधाडांना सुरक्षित’ असा शिक्का बसून आज चिरगावची झाडं रिकामी असती.

बंदीने प्रश्न सुटला का? माणसांसाठीची ३० मिलीची बाटली दुकानात होतीच, ती गोठ्यात जात राहिली. २०१५ मध्ये सरकारने माणसांसाठीचं इंजेक्शन ३ मिलीच्या एकाच डोसात बांधून टाकलं. गाईला द्यायचं तर दहा कुप्या फोडाव्या लागतील असा तो हिशेब. कंपन्या कोर्टात गेल्या आणि २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात हरल्या. दरम्यान डायक्लोफेनॅकची जागा घ्यायला किटोप्रोफेन आलं. तेही दक्षिण आफ्रिकेत गिधाडांना देऊन पाहिलं गेलं. त्या चाचणीत पक्षी मेले आणि निकाल २०१० च्या सुमारास जगासमोर आला. भारतात जनावरांसाठीच्या किटोप्रोफेनवर बंदी आली जुलै २०२३ मध्ये.

तेरा वर्षं! ज्या गिधाडांना औषध पाजून मारलं ती आपलं उत्तर देऊन गेली होती. उत्तर फायलीत पडून राहिलं आणि औषध दुकानात. प्राण्यावर चाचणी करणं क्रूर आहे की नाही यावर आपण तासन् तास वाद घालतो. चाचणी करून, जीव घेऊन, हाती आलेलं उत्तर न वापरणं याच्याइतकी क्रूर गोष्ट मला दुसरी दिसत नाही, आणि तिच्याविरुद्ध कुणी फलक धरत नाही.

ॲसिक्लोफेनॅक या आणखी एका वेदनाशामकाची गोष्ट मात्र वेगळ्या वाटेने गेली आणि ती शिकण्यासारखी आहे. ते गुरांच्या शरीरात गेल्यावर त्याचं डायक्लोफेनॅक होतं, हे गुरांचं रक्त तपासून कळलं. एकही गिधाड लागलं नाही. डायक्लोफेनॅक काय करतं ते ठाऊक होतंच. आधी मेलेल्यांचं उत्तर नीट जपून ठेवलं की पुढच्यांना मरावं लागत नाही, ते असं. तरी त्याचीही बंदी २०२३ च्याच आदेशात आली. निमसुलाइड या तशाच औषधावर २०२४ संपता संपता.

०००

फणसाड काय, चिरगाव काय, रायगडातल्या गिधाडांना औषधाइतकीच उपासमारही भोवली. गावात गुरं कमी झाली, मेलेलं ढोर पुरायची पद्धत आली. ढोर ओढून गावाबाहेर नेण्याचं काम पूर्वी गावाने एका जातीच्या माथी मारलं होतं. १९२७ मध्ये याच जिल्ह्यात, महाडच्या परिषदेत, बाबासाहेबांनी मेलेल्या ढोरांचं मांस सोडा, असली कामं सोडा म्हणून सांगितलं. ते सुटलं ते योग्यच झालं. पण गावाने मग स्वतः काय केलं? खड्डा खणला. घाण कुणीतरी दुसऱ्याने निस्तरावी ही सवय माणसांच्या बाबतीतही होती आणि पक्ष्यांच्या बाबतीतही.

आता गिधाडांसाठी मढं आणायचं तर ते मिळवावं लागतं, टेम्पोतून न्यावं लागतं. आणि त्याआधी मालकाला एक गोष्ट विचारावी लागते: मरायच्या आधी याला काय टोचलं होतं? गुरांच्या डॉक्टरने टोचलं असेल तर नाव कळतं. मेडिकलमधून आणून घरीच टोचलं असेल तर मालकाला नाव आठवतंच असं नाही, आठवलं तरी सांगेलच असं नाही. शंका आली तर ते ढोर पुरायचं. कागद नाही, यंत्र नाही, उंदीर नाही. अशी तपासणी मोठ्या प्रयोगशाळेत कुणी मोजणार नाही, पण पक्षी तिच्यावर जगतो.

०००

पुन्हा खाडीकडे येऊ. आगरदांड्याचं पोट पाण्यावर चालतं आणि पाण्याचीही चाचणी प्राण्यावरच होते.

कारखान्याने सांडपाणी सोडायच्या आधी आपल्या पर्यावरण नियमांत एक अट आहे: पाणी न मिसळता, निखळ सांडपाण्यात मासे सोडायचे आणि ९६ तासांनी त्यांतले ९० टक्के जिवंत असले पाहिजेत. दहा सोडले तर नऊ. भारतीय मानकात यासाठी झेब्राफिश आहे, पट्ट्यापट्ट्यांचा बोटाच्या पेराएवढा मासा, घरच्या काचेच्या टाकीत असतो तोच. प्राणीचाचणीच्या विरोधात सशासाठी लिहिणाऱ्यांना मी या माशाबद्दल कधी बोलताना ऐकलेलं नाही. मासा ओरडत नाही हे कारण असेल. खरं तर २०२१ मध्ये केंद्राच्या समितीने माशांवरच्या प्रयोगांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत.

ही चाचणीही माशासाठीच आहे, म्हणून तत्त्वतः मला ती मान्य आहे. पण झेब्राफिश गोड्या पाण्यातला. रोह्याच्या धाटावचं सांडपाणी कुंडलिकेच्या खाडीत जातं, महाडचं सावित्रीच्या. तिथे राहतात जिताडा, बोय, खेकडे, तिसऱ्या, कालवं. भरतीला खारं, ओहोटीला मचूळ अशा पाण्यात वाढणाऱ्या पिल्लाला काय झेपतं ते झेब्राफिशला विचारून कसं कळणार? आणि चार दिवसांत मेला नाही म्हणजे पुढच्या मोसमात अंडी घालील असंही कुठे आहे? तोच सोयीचा प्राणी, तेच सोयीचं उत्तर.

याचा पुरावा आपल्याच किनाऱ्यावर आहे. जहाजांच्या बुडाला शेवाळ, शिंपले चिकटू नयेत म्हणून ट्रायब्युटिल टिन घातलेला रंग जगभर वापरला गेला. फ्रान्समधल्या आर्काशोंच्या उपसागरात त्याने कालवांची शेती बुडवली. इंग्लंडच्या किनाऱ्यावर शंखांच्या माद्यांना नराची इंद्रियं फुटू लागली, कारण लिटरमागे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाइतकं विषही त्यांना पुरत होतं. गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांना १९९० च्या दशकाअखेर मुरगाव बंदरात हाच प्रकार आढळला, एका छोट्या शंखात. त्याचं शास्त्रीय नाव क्रोनिया कोंकणेन्सिस. अवघ्या कोकणाचं नाव लागलेला प्राणी, पण रंग विकायच्या आधी त्याची आठवण कुणाला झाली नव्हती. जागतिक करार होऊन तो रंग २००८ पासून बाद झाला.

माशाच्या जागी दुसरं काही चालेल का? चालतं. जर्मनीत २००५ पासून सांडपाण्यासाठी मोठे मासे न वापरता झेब्राफिशची अंडी वापरतात. मज्जासंस्था पुरती तयार व्हायच्या आत निकाल लागतो. माशाच्या कल्ल्यांच्या पेशी काचेत वाढवून तपासायची पद्धतही २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत आली. आपल्या नियमात अजून ९० टक्के मासे आणि ९६ तास.

०००

कुणी म्हणेल, एवढा माशा-गिधाडांचा कळवळा, माणसांचं काय? माणसांचं सांगतो. जानेवारी-फेब्रुवारी १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूवरची सूज उतरवायला दिलेल्या ग्लिसरॉलमुळे चौदा रुग्ण मेले. ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं, म्हणजे १९३७ चं तेच विष. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदी, तपासणी, अन्न व औषध प्रशासन, मंत्रालय, सगळ्यांची लक्तरं वेशीवर टांगली. २०२२ मध्ये गांबियात भारतीय खोकल्याच्या औषधांतून तेच. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याची मुलं मूत्रपिंडं बंद पडून नागपूरच्या दवाखान्यांत आली, वीसहून अधिक दगावली. ‘कोल्ड्रिफ’ सिरपमध्ये निम्म्याच्या जवळपास डायएथिलीन ग्लायकॉल निघालं.

हे ओळखायला नवा उंदीर लागत नाही. पिंप आल्यावर त्यातला थोडा नमुना घेऊन साधी रासायनिक तपासणी पुरते. या विषाचं उत्तर माणसांनी आणि उंदरांनी मिळून ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच दिलेलं आहे. जे. जे.मध्ये कमी पडली ती चाचणी करायची इच्छा, प्राणी नव्हे. म्हणून ‘माणूस वाचवायचा तर प्राणी मारावेच लागतात’ हे वाक्य कुणी टाळीसाठी फेकलं की मला हे पिंप आठवतं.

०००

आता आगरदांड्यासमोरच्या दिघीकडे. दिघी बंदराचा कारभार २०२१ पासून अदानी समूहाकडे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशात बारा औद्योगिक शहरं मंजूर केली, त्यांत दिघी बंदर औद्योगिक क्षेत्र आहे, सुमारे सहा हजार एकरांचं. त्याआधी मुरूड-रोह्याच्या गावांत औषधांचा कच्चा माल बनवणारं उद्यान आणायचं राज्याने ठरवलं होतं आणि तिथल्या लोकांनी त्याला विरोध केला होता. यांतलं काय येईल, कधी येईल, ते सरकारला ठाऊक. पण मोठा उद्योग येणार म्हणजे पर्यावरण मंजुरीची जनसुनावणी होणार, आणि अहवालाचा सारांश मराठीत द्यावा लागणार, असं २००६ च्या अधिसूचनेत आहे.

अशा सुनावणीत मंडपातली माणसं बहुतेक नोकऱ्यांबद्दल विचारतात, जमिनीच्या भावाबद्दल विचारतात, जेट्टी जाईल का ते विचारतात. बरोबरच आहे. त्यांत आणखी चार ओळी घालाव्यात असं मी आगरदांड्याच्या आणि दिघीच्या मच्छीमार सोसायट्यांना सुचवीन. तुमच्या सांडपाण्याची चाचणी कुठल्या प्राण्यावर करणार? तो या खाडीत राहतो का? जिताड्याच्या, कोळंबीच्या पिल्लांवर बघितलं आहे का, की नुसत्या झेब्राफिशवर? आणि दर महिन्याचा निकाल, किती सोडले, किती जगले, हा कागद जेट्टीवरच्या भिंतीला मराठीत लावणार का?

शेवटच्या प्रश्नाला होकार मिळाला तर तो इतिवृत्तात लिहून घ्यावा.